ग्राफिंग कॅल्क्युलेटरशी यूएसबीवरून बोलणारा प्रोग्रॅम कसा लिहावा

नाशिकमध्ये ग्राफिंग कॅल्क्युलेटर फारसा कुणाच्या हातात दिसत नाही. बारावीच्या बोर्डाला आपल्याकडे लॉग टेबल चालतं, इंजिनिअरिंगला कॅसिओचा एफएक्स-९९१ पुरतो. पण काही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांत गणिताला तो लागतोच. शिवाय परदेशातून परतलेल्या भावंडांचे, मित्रांचे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचे टीआय-८४ प्लस कितीतरी घरांत कपाटात पडून असतात. हे यंत्र संगणकाला जोडून त्यात आकडे पाठवणं, त्याच्या पडद्याचं चित्र घेणं, त्यातली यादी बाहेर काढणं हे सगळं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून करता येतं. कॉलेजच्या पोरांना यूएसबी शिकवायला मला यापेक्षा चांगला विषय सापडलेला नाही. यंत्र छोटं आहे, त्याची भाषा मोजक्या बाइट्सची आहे, आणि चुकलं तरी सहसा केबल काढून परत लावली की काम पुन्हा सुरू होतं.

कंपनीचं टीआय कनेक्ट सीई नावाचं सॉफ्टवेअर आहे. मग आपण का लिहायचं? एक तर ते विंडोज आणि मॅकसाठी आहे, आणि आपल्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये उबुंटू असतं. दुसरं, वर्गातल्या सगळ्या यंत्रांत एकच यादी भरायची असेल तर माउसने एकेक ओढत बसण्यात अर्धा तास जातो. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे दर तासाचे क्युसेकचे आकडे मुलांच्या यंत्रात टाकायचे आणि गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं याच्याशी त्यांचा आलेख जुळवायचा, असं काम डोक्यात असलं की स्वतःचा छोटा प्रोग्रॅम हवाच.

हा लेख टीआय-८४ प्लस धरून लिहिला आहे. पायथॉनची तोंडओळख आहे आणि सोळा पायाची संख्यापद्धत माहीत आहे, एवढं गृहीत धरतो. खाली बाइट्स सोळा पायातच दिले आहेत. ए म्हणजे १० पासून एफ म्हणजे १५ पर्यंत. प्रोग्रॅममध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे आणि अक्षरं वापरायची.

आधी यंत्र ओळखा

सगळ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरांना हा खटाटोप लागत नाही. कॅसिओचा एफएक्स-सीजी५० केबलने जोडला की पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्यात फाइल कॉपी करायची, झालं. नमवर्क्स कंपनीचं यंत्र ब्राउझरमधूनच बोलतं, कारण क्रोममध्ये २०१७ पासून वेबयूएसबीची सोय आहे. एचपी प्राइम स्वतःला कीबोर्ड-माउसच्या जातीचं, म्हणजे एचआयडी उपकरण म्हणून सांगतो. टीआय-एनस्पायरची भाषा टीआय-८४ पेक्षा पूर्ण वेगळी आहे, त्यामुळे खालचं काही त्याला लागू नाही. आणि १९९९ चा टीआय-८३ प्लस असेल तर त्याला यूएसबीच नाही. त्याला २.५ मिलिमीटरची जॅक आणि सिल्व्हरलिंक नावाची वेगळी केबल लागते.

टीआय-८४ प्लसला वरच्या बाजूला मिनी यूएसबीचं तोंड असतं. मोबाइलची मायक्रो केबल त्यात बसत नाही. एम.जी. रोडवरच्या दुकानात 'मिनी यूएसबी' एवढंच म्हटलं तर बऱ्याचदा मायक्रो हातात येते, म्हणून जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची किंवा जुन्या पोर्टेबल हार्डडिस्कची केबल मागा आणि तोंड बघून घ्या. केबल फक्त चार्जिंगची नको. डेटाच्या दोन तारा नसलेल्या केबलवर यंत्र संगणकाला दिसतच नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हरमध्ये चूक शोधत राहतो. त्याच केबलने कॅमेऱ्यातले फोटो निघतात का, हे एकदा बघून घेतलं की शंका मिटते.

यंत्र चालू करून होम स्क्रीनवर ठेवा, केबल दोन्हीकडे घट्ट दाबा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. ०४५१ हा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा विक्रेता क्रमांक. त्याच्यापुढे ई००३ दिसलं तर टीआय-८४ प्लस, ई००८ दिसलं तर सिल्व्हर एडिशन, ई००४ दिसलं तर टीआय-८९ टायटॅनियम, आणि ई००१ म्हणजे यंत्र नसून सिल्व्हरलिंक केबल. ही ओळ दिसेपर्यंत पुढचं काहीही करू नका. विंडोजवर हेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडीखाली दिसतं.

परवानगी आणि ड्रायव्हर

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश.

लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला यूएसबी उपकरणावर लिहायची परवानगी नसते. सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकार घेऊन, प्रोग्रॅम चालवला तर चालतो, पण ती सवय लावून घेऊ नका. लॅबमध्ये तर मुळीच नको. त्याऐवजी यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, रूल्स फोल्डरात एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात एकच ओळ: सबसिस्टम यूएसबी असेल आणि विक्रेता क्रमांक ०४५१ असेल तर 'यूअ‍ॅक्सेस' हा टॅग लावा, म्हणजे संगणकावर बसलेल्या वापरकर्त्याला परवानगी मिळते. फाइलच्या नावाची सुरुवात ७३ पेक्षा लहान आकड्याने करायची, उदाहरणार्थ ६९. कारण यूडेव्ह फाइली नावाच्या क्रमाने वाचतो आणि तो टॅग वापरणारी सिस्टिमची फाइल ७३ क्रमांकाची आहे. आपली फाइल तिच्यानंतर आली तर टॅग लागतो, पण त्याचा उपयोग होत नाही, आणि कुठे चूक असल्याचंही कळत नाही. फाइल ठेवल्यावर यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगा, केबल काढून परत लावा.

विंडोजवर लिबयूएसबीला (प्रोग्रॅममधून यूएसबी वापरू देणारी लायब्ररी) यंत्राशी बोलायचं तर विनयूएसबी ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला झॅडिग नावाचं छोटं साधन आहे. पण झॅडिगने ड्रायव्हर बदलला की टीआय कनेक्टला यंत्र दिसेनासं होतं. शाळेच्या संगणकावर असं करण्याआधी तिथल्या सरांना किंवा मॅडमना विचारा. परत पूर्वीसारखं करायचं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनावर खूण करायची.

मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पायथॉनसाठी पाययूएसबी ही लायब्ररी घ्या. तिच्या खाली लिबयूएसबी १.० काम करते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पिप (पायथॉनच्या लायब्ररी बसवणारी आज्ञा) थेट सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही बसवू देत नाही, म्हणून आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉनचा स्वतंत्र कप्पा, तयार करा आणि त्यात बसवा.

दार शोधा, मग उघडा

यूएसबी उपकरण जोडल्याबरोबर स्वतःची माहिती सांगतं. त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात, आणि त्यातला उपकरणाचा मुख्य भाग १८ बाइट्सचा असतो. पाययूएसबीला विक्रेता क्रमांक देऊन यंत्र शोधायला सांगा आणि जे सापडेल ते तसंच छापा. इंटरफेसचा वर्ग २५५ दिसेल, म्हणजे 'कंपनीची स्वतःची पद्धत'. म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचं काय करायचं ते कळत नाही आणि काम आपल्याकडे येतं.

त्या इंटरफेसमध्ये बल्क जातीचे, म्हणजे डेटाचे गठ्ठे नेणारे, एंडपॉइंट शोधा. एंडपॉइंट म्हणजे डेटा जाण्या-येण्याची दारं. पत्त्यातला सर्वांत वरचा बिट १ असेल, म्हणजे पत्ता सोळा पायात ८० किंवा त्याहून मोठा असेल, तर त्यातून डेटा यंत्राकडून आपल्याकडे येतो. नसेल तर आपल्याकडून यंत्राकडे जातो. पत्ते प्रोग्रॅममध्ये ठोकून लिहू नका, डिस्क्रिप्टरमधून काढा. पुढे कुणी थोडं वेगळं मॉडेल घेऊन आलं की त्याचं महत्त्व कळतं.

वाचताना एक खाच आहे. आपल्याला फक्त ५ बाइट हवे आहेत म्हणून ५ बाइटच मागितले आणि यंत्राने त्याच पॅकेटमध्ये १५ पाठवले, तर लिबयूएसबी ओव्हरफ्लोची चूक देते आणि ते बाइट हातचे जातात. त्यामुळे नेहमी एंडपॉइंटच्या पॅकेट-मापाच्या पटीतच मागा. आलेलं सगळं स्वतःच्या साठ्यात टाका, आणि त्या साठ्यातून हवे तेवढे बाइट मोजून काढणारं वेगळं फंक्शन लिहा. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमने फक्त त्या फंक्शनलाच विचारायचं.

भाषेचे दोन थर

टीआयने ही भाषा जगासमोर मांडलेली नाही. यंत्र आणि संगणक यांच्यातलं बोलणं ऐकून, बाइट मोजून हौशी लोकांनी ती उलगडली, आणि त्यातूनच टीआयएलपी हा मुक्त प्रोग्रॅम आणि लिबटीकॅल्क्स ही लायब्ररी उभी राहिली. उबुंटूत तो टीआयएलपी-२ या नावाने थेट बसवता येतो. तुमचा प्रोग्रॅम अडला की हा बसवून बघायचा. तो चालला तर केबल, यंत्र, परवानगी सगळं ठीक आहे, आणि चूक आपल्या लिखाणात आहे. त्याचा कोड वाचा, जरूर वाचा. मात्र तो जीपीएल परवान्याखाली आहे, तेव्हा उतरवून घेणार असाल तर तुमचा प्रोग्रॅमही त्याच अटींवर वाटावा लागेल.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पीएलसी आणि मॉडबसवर काम केलेल्यांना इथे बरंच ओळखीचं वाटेल: आधी लांबी, मग प्रकार, मग मजकूर, आणि प्रत्येक निरोपाला पोच. त्यांना एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटेल, ती म्हणजे शेवटची सीआरसी, निरोप वाटेत बिघडला का हे तपासणारे बाइट. ती इथे नाही. जुन्या २.५ मिलिमीटरच्या तारेवर टीआय स्वतः दोन बाइटची बेरीज जोडत असे, कारण ती तार कशाचीच हमी देत नव्हती. यूएसबीच्या बल्क वाहतुकीत सीआरसी तपासणं आणि बिघडलेलं पॅकेट पुन्हा पाठवणं हार्डवेअरच करतं, म्हणून वरच्या भाषेत ती बेरीज ठेवलेली नाही. म्हणजे बाइट चुकीचे आले असं वाटलं तर तारेला दोष देऊ नका. तुमचं मोजणंच कुठेतरी एका बाइटने सरकलेलं असतं.

खालचा थर रॉ पॅकेटचा. त्यात पहिले ४ बाइट लांबीचे, मोठा बाइट आधी. मग १ बाइट प्रकार. मग तेवढ्या लांबीचा मजकूर. प्रकार पाचच आहेत: १ म्हणजे 'बफर केवढा ठेवू' अशी विचारणा, २ म्हणजे त्याचं उत्तर, ३ म्हणजे मजकूर आहे आणि अजून येणार आहे, ४ म्हणजे मजकुराचा शेवटचा तुकडा, ५ म्हणजे पोच.

वरचा थर व्हर्च्युअल पॅकेटचा. त्यात ४ बाइट लांबी, २ बाइट प्रकार आणि मग खरा निरोप. व्हर्च्युअल पॅकेट म्हणजे पत्र आणि रॉ पॅकेट म्हणजे पाकीट असं समजा. पत्र लांब असलं की ते दोन-चार पाकिटांतून येतं आणि पत्राचा मायना फक्त पहिल्या पाकिटात असतो. हे दोन थर एकाच फंक्शनमध्ये मिसळू नका. मिसळले की छोटी उत्तरं बरोबर वाचली जातात, आणि पहिलं मोठं उत्तर आलं की सगळं फिसकटतं.

पहिलं बोलणं

आता खरा संवाद. आधी बफर, म्हणजे एका रॉ पॅकेटच्या मजकुरासाठीची जागा, विचारायचा, १०२४ बाइटचा:

०० ०० ०० ०४ ०१ ०० ०० ०४ ००

मोजून बघा. लांबी ४, प्रकार १, मग चार बाइटमध्ये १०२४. यंत्राकडून प्रकार २ चं पॅकेट येईल, त्यातल्या चार बाइटमध्ये त्याला झेपणारा आकार असेल. आपण मागितलेल्यापेक्षा तो कमी असू शकतो. यंत्राने सांगितलेला आकडा जपून ठेवा, यापुढे एका रॉ पॅकेटमध्ये त्याहून जास्त मजकूर घालायचा नाही.

मग यंत्राला नेहमीच्या कामाच्या अवस्थेत आणायचं:

०० ०० ०० १० ०४ ०० ०० ०० ०ए ०० ०१ ०० ०३ ०० ०१ ०० ०० ०० ०० ०७ डी०

हे एकदा हाताने कागदावर सोडवाच. रॉ लांबी १० म्हणजे १६. प्रकार ४, कारण निरोप एकाच तुकड्यात संपतो. त्यापुढे व्हर्च्युअल लांबी ०ए म्हणजे १०, व्हर्च्युअल प्रकार ०००१, आणि उरलेले १० बाइट म्हणजे अवस्थेचं वर्णन. ४, २ आणि १० मिळून १६, हिशेब जुळला.

यंत्र आधी पोच देतं:

०० ०० ०० ०२ ०५ ई० ००

त्यानंतर उत्तर:

०० ०० ०० ०ए ०४ ०० ०० ०० ०४ ०० १२ ०० ०० ०७ डी०

यातला ००१२ हा 'अवस्था मान्य' असं सांगणारा प्रकार. हे उत्तर मिळाल्याबरोबर आपणही वरच्यासारखीच सात बाइटची पोच पाठवायची. ही पोच राहिली तर यंत्र तिची वाट बघत थांबतं, आपण पुढचा प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर येत नाही आणि टाइमआउट होतो. असा टाइमआउट दिसला की आधी पोच पाठवली होती का ते तपासा. दहापैकी नऊ वेळा तिथेच सापडतं, असं म्हणण्याइतका मला या चुकीचा अनुभव मुलांच्या प्रोग्रॅमांतून आला आहे.

म्हणून वाचण्याचं चक्र असं लिहा. एक रॉ पॅकेट घ्या. प्रकार ५ असेल तर आपल्या निरोपाची पोच आली. ३ असेल तर मजकूर साठवा, पोच द्या, पुढचं वाचा. ४ असेल तर मजकूर साठवा, पोच द्या, आणि आता पूर्ण व्हर्च्युअल पॅकेट हातात आलं. १ आलं तर घाबरू नका: यंत्र मध्येच बफर पुन्हा ठरवू शकतं. त्याने मागितलेलाच आकार प्रकार २ मध्ये परत पाठवा आणि वाचत राहा. शेवटची ही शाखा लोक गाळतात, आणि मग प्रोग्रॅम एकदा चालतो, एकदा चालत नाही.

टाइमआउट झालाच तर तोच निरोप पुन्हा पाठवू नका. यंत्र अर्धवट बोलण्यात अडकलेलं असतं, नवा निरोप गेला की पुढची सगळी उत्तरं एकेक घर मागे सरकतात. जोडणी बंद करा, केबल काढून लावा, बफरच्या विचारण्यापासून सुरू करा.

विचारायला शिका

पहिले काही दिवस यंत्रात काही लिहू नका, फक्त विचारा. व्हर्च्युअल प्रकार ०००७ म्हणजे 'अमुक माहिती दे'. मजकुरात आधी किती गोष्टी हव्यात ते दोन बाइटमध्ये, मग प्रत्येकीचा दोन बाइटचा क्रमांक. यंत्राचं नाव ०००२ वर असतं:

०० ०० ०० ०ए ०४ ०० ०० ०० ०४ ०० ०७ ०० ०१ ०० ०२

उत्तर ०००८ या प्रकाराने येतं. त्यात एकूण किती गोष्टी, मग प्रत्येकीसाठी क्रमांक, एक बाइट 'माहिती आहे की नाही', दोन बाइट लांबी आणि शेवटी माहिती. तो एक बाइट ०० असेल तरच पुढची लांबी वाचायची. स्वतःच्या प्रोग्रॅममधून यंत्राचं नाव पडद्यावर उमटलं की थरांचं काम बरोबर झालं असं समजा.

कधी मध्येच बीबी०० प्रकारचं पॅकेट येतं. ते 'जरा थांब' असं सांगतं, आणि पुढच्या चार बाइटमध्ये किती मायक्रोसेकंद तेही. ०० ०२ ४९ एफ० आलं तर १,५०,०००, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग. तेवढं थांबा आणि पुन्हा वाचा. ईई०० आलं तर चूक, तिचा क्रमांक छापून थांबा.

यानंतर पडद्याचं चित्र घ्या, क्रमांक ००२२. टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. एका बाइटमध्ये आठ ठिपके, एका ओळीत १२ बाइट, ६४ ओळी, एकूण ७६८ बाइट. प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट डावीकडचा ठिपका, १ म्हणजे काळा. मला हा टप्पा फार आवडतो, कारण इथे तुकडे जोडणं पहिल्यांदा खरं तपासलं जातं. उत्तराचा मजकूर ७७५ बाइट, त्यावर व्हर्च्युअल पॅकेटचे ६ बाइट, म्हणजे ७८१. यंत्राने बफर २५० ठरवला असेल तर २५०, २५०, २५० आणि ३१ अशा चार रॉ पॅकेटांत ते येईल, आणि चारहींना पोच द्यावी लागेल. चित्र तिरकं दिसलं किंवा एका ओळीपासून पुढे सरकलेलं दिसलं, तर जोडताना कुठल्या तुकड्यातून सहा बाइट जास्त किंवा कमी कापले ते चित्र बघूनच कळतं. रंगीत पडद्याच्या टीआय-८४ प्लस सीईवर हिशेब वेगळा: ३२० बाय २४०, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट.

एक यंत्र, दहा जण

आपल्या शहरात ही यंत्रं कमी आहेत. दहा मुलांत एक यंत्र असं चित्र असतं, आणि ते ज्याचं असतं त्याला संध्याकाळी घरी न्यायचं असतं. म्हणून संवाद रेकॉर्ड करून ठेवणं मला प्रोग्रॅमइतकंच महत्त्वाचं वाटतं.

लिनक्सवर यूएसबीमॉन हे मॉड्यूल चालू करा आणि वायरशार्कमध्ये (वाहतूक टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) यंत्र ज्या बसवर आहे तो क्रमांक निवडा. विंडोजवर यूएसबीपीकॅप हेच काम करतो. टीआयएलपीमधून एखादं काम करा, उदाहरणार्थ पडद्याचं चित्र किंवा यादी पाठवणं, आणि गेलेले-आलेले बाइट क्रमाने फाइलमध्ये जतन करा. मग प्रोग्रॅममध्ये यूएसबीचा भाग दोनच फंक्शनांपुरता ठेवा: 'लिही' आणि 'वाच'. त्याच नावाची दुसरी जोडी लिहा, जी यंत्राऐवजी त्या फाइलशी बोलते. 'लिही'ला दिलेले बाइट फाइलमधल्या बाइट्सशी ताडून बघते, वेगळे निघाले तर कितवा बाइट चुकला ते सांगून थांबते. 'वाच' म्हटलं की फाइलमधलं पुढचं उत्तर देते.

एवढं केलं की यंत्र नसलेला मुलगा पंचवटीतल्या घरी बसून पूर्ण प्रोग्रॅम लिहू शकतो. यंत्रावर फक्त शेवटची तपासणी राहते. टाइमआउट, तुटलेलं पॅकेट, मध्येच आलेला प्रकार १ हे प्रसंग फाइलमध्ये हाताने घालून मुद्दाम घडवताही येतात. खऱ्या यंत्रावर ते हवे तेव्हा घडत नाहीत.

यादी पाठवणं

आता क्युसेकचे आकडे. टीआय-८४ मध्ये प्रत्येक संख्या ९ बाइटची. पहिला बाइट चिन्हाचा: ०० म्हणजे धन, ८० म्हणजे ऋण. दुसरा बाइट दहाच्या घाताचा, त्यात सोळा पायातले ८० मिळवलेले. उरलेल्या ७ बाइट्समध्ये १४ अंक, प्रत्येक बाइटमध्ये दोन, दशमान पद्धतीतच. समजा विसर्ग १२५० क्युसेक आहे. ते १.२५ गुणिले १० चा तिसरा घात, म्हणून:

०० ८३ १२ ५० ०० ०० ०० ०० ००

निफाडचं पहाटेचं तापमान ४.६ असेल तर ०० ८० ४६ आणि पुढे शून्यं. ०.८ असेल तर घात वजा १, म्हणून ०० ७एफ ८० आणि पुढे शून्यं. वजा २.५ असेल तर ८० ८० २५. हे रूपांतर करणारं फंक्शन वेगळं लिहा आणि शून्य, एक, ऋण, खूप लहान अशा सगळ्या जातींवर तपासा. पायथॉनमध्ये साध्या दशांश संख्यांऐवजी डेसिमल प्रकार वापरला तर ४.६ चं ४.५९९९ होत नाही.

यादीच्या सुरुवातीला दोन बाइट किती संख्या आहेत ते सांगतात. इथे लहान बाइट आधी येतो. सगळ्या पॅकेटांत मोठा बाइट आधी, आणि यंत्राच्या स्वतःच्या डेटात लहान आधी, कारण आतला झेड८० प्रोसेसर तसाच वाचतो. २४ तासांची यादी असेल तर १८ ००, मग २४ गुणिले ९ म्हणजे २१६ बाइट, एकूण २१८. एका यादीत ९९९ पेक्षा जास्त संख्या बसत नाहीत.

पाठवण्याचा क्रम असा: ०००बी ने 'अमुक नावाची, अमुक आकाराची गोष्ट पाठवतोय' असं सांगायचं. यंत्र एए०० ने होकार देतं. मग ०००डी मध्ये यादीचे बाइट. पुन्हा एए००. शेवटी डीडी०० ने संपलं असं कळवायचं. एल१ या यादीचं नाव यंत्राच्या आत ५डी ०० असं दोन बाइटचं असतं आणि साध्या यादीचा प्रकार ०१. पहिल्या पॅकेटमध्ये नाव आणि आकाराबरोबर प्रकार, मेमरीत कुठे ठेवायचं वगैरे गुणधर्मही असतात. त्यांची मांडणी टीआयएलपीने हीच यादी पाठवताना रेकॉर्ड केलेल्या संवादाशी बाइट-बाइट ताडून लिहा. आधी तीन संख्यांची यादी, ती जमली की चोवीसची.

कुणाच्या यंत्रात लिहायच्या आधी त्यातल्या यादी आणि प्रोग्रॅम टीआयएलपीने संगणकावर काढून ठेवा. एल१ मध्ये त्या मुलाने आधीच काही साठवलेलं असू शकतं. आणि ०००२ या प्रकाराला हात लावू नका. तिथून ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचं बोलणं सुरू होतं, आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. परीक्षेसाठी कुलूपबंद केलेल्या यंत्रावरही यातलं काही करू नये.

यादी गेल्यावर यंत्रावर स्टॅट दाबा, एडिट उघडा, एल१ खाली आकडे दिसायला हवेत. नुसते दिसले म्हणून थांबू नका, तीच यादी परत वाचून पाठवलेल्या बाइट्सशी जुळवा: ०००सी ने मागायची, ०००ए मध्ये तिचं वर्णन येतं आणि ०००डी मध्ये मजकूर. जुळलं की इंटरफेस सोडा, जोडणी बंद करा, आणि पुढच्या मुलाचं यंत्र केबलला लावा.